तलमईचा मुलगा : हजरत ईसांचा एक हवारी आणि आपला किनारा

पवित्र कुरआनात हजरत ईसा (अ.) यांच्या साथीदारांचा उल्लेख 'हवारी' या सन्मानाच्या शब्दाने आला आहे. सूरह आले इमरान, सूरह माइदा आणि सूरह सफ्फ या तीन सूरहमध्ये ते आपल्याला भेटतात. अल्लाहच्या मार्गात माझा मदतनीस कोण, असे हजरत ईसांनी विचारले तेव्हा पुढे आलेले ते हेच लोक. कुरआन त्यांची निष्ठा सांगतो, पण त्यांची नावे, गावे, आईवडील सांगत नाही. कुरआनाला त्यातून जो धडा द्यायचा आहे त्यासाठी नावांची गरज नाही.

तरीही माणसाला कुतूहल असतेच. हे हवारी कोण होते? कोणत्या घरात वाढले? इबादत कशी करत, काय खात, काय टाळत? ही माहिती ख्रिस्ती बांधवांच्या इंजीलग्रंथांत, यहुदी परंपरेत आणि आपल्या मुस्लिम इतिहासकारांच्या लिखाणात विखुरलेली आहे. ती एकत्र ठेवून पाहिली की एका हवारीचे नाव थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत येते. मराठी बायबलमध्ये त्यांना बर्थलमय म्हटले आहे, वसईचे कॅथलिक बांधव बार्थोलोम्यू म्हणतात आणि अरबी सीरतग्रंथांत त्यांचे नाव 'इब्न तलमा' असे येते.

त्यांच्याविषयी लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. आजकाल आपल्या घरांतल्या तरुणांच्या तोंडी आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत 'यहुदी' हा शब्द शिवीसारखा येतो. तो शब्द वापरताना आपण नेमके कोणाकोणाला त्यात ओढतो, हे या एका हवारीच्या घरात डोकावले तर समजते.

एव्हरशाईन सिटीच्या आजूबाजूला

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहतीत राहणाऱ्याला आपण नव्या शहरात राहतो असे वाटते. इमारती नव्या, रस्ते नवे, माणसेही ठिकठिकाणाहून आलेली. एकाच जिन्यावर एका दारावर याकूब, दुसऱ्यावर जेकब, तिसऱ्यावर यशवंत अशा पाट्या दिसू शकतात. पण या नव्या वस्तीच्या चारी बाजूंना फार जुनी जमीन आहे.

वसई रोडच्या पुढचे स्टेशन नालासोपारा. त्यातले सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे उत्खनन करून बौद्ध स्तूप उजेडात आणला, आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथेच मिळाला. पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या समुद्रमार्गाच्या माहितीपुस्तकात सोपारा आणि कल्याण ही दोन्ही नावे आहेत. कल्याण उल्हास नदीच्या काठी आहे, आणि हीच नदी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. पुढे अरब भूगोलकारांनी सोपाऱ्याचे नाव 'सुबारा' असे लिहिले. आज आपल्यापैकी जी कोकणी मुस्लिम घराणी आपले मूळ अरब व्यापाऱ्यांशी जोडतात, त्यांचे पूर्वज याच जलमार्गाने आले.

म्हणजे तांबडा समुद्र, येमेन, इराणचे आखात आणि कोकण यांच्यामध्ये पाण्याची एक वहिवाट होती. पावसाळी वारे ओळखणारा खलाशी या वाटेने ये-जा करत असे. माल येई तसा धर्मही येई. या वाटेवरच इब्न तलमा यांचे नाव आपल्याला सापडते. पण आधी त्यांच्या घरी जाऊ.

नावातच वडील

बार्थोलोम्यू हे खरे तर स्वतंत्र नाव नाही. अरामी भाषेत 'बर' म्हणजे मुलगा. बर-तलमई म्हणजे तलमईचा मुलगा. अरबीत जसे इब्न उमर, इब्न अब्बास, तसेच हे. म्हणूनच अरबी लेखकांनी ते सहज 'इब्न तलमा' असे केले. तलमई हे नाव यहुदी धर्मग्रंथांत जुन्या काळापासून आहे. हजरत दाऊद (अ.) यांच्या एका सासऱ्याचे, गशूर प्रांताच्या राजाचे, नाव तलमई असल्याचे तिथे नमूद आहे.

मग या हवारींचे स्वतःचे नाव काय? चार इंजीलांपैकी तीन इंजीलांत बारा शिष्यांच्या याद्या आहेत आणि त्यांत फिलिप व बर्थलमय ही नावे जोडीने येतात. योहानच्या इंजीलमध्ये बर्थलमय हे नाव कुठेच नाही. तिथे फिलिप आपल्या ओळखीच्या ज्या माणसाला हजरत ईसांकडे घेऊन येतो त्याचे नाव नथनेल आहे. म्हणून साधारण नवव्या शतकापासून ख्रिस्ती भाष्यकार सांगत आले आहेत की नथनेल हे नाव आणि बर-तलमई ही वडिलांवरून पडलेली ओळख, दोन्ही एकाच माणसाची. सर्व अभ्यासकांना हे मान्य नाही, पण ख्रिस्ती परंपरेत हीच समजूत रुजली आहे.

नथनेल या हिब्रू नावाचा अर्थ 'देवाने दिलेला'. आपल्याकडे अताउल्लाह, शेजाऱ्याकडे देवदत्त. तीन भाषांतल्या तीन आयांनी बाळ कुशीत घेऊन एकच गोष्ट म्हटली आहे.

काना गावचे घर

योहानच्या इंजीलप्रमाणे नथनेल गालील प्रांतातल्या काना गावचे. त्या काळी गालील हा शेतकरी, कोळी आणि कारागीर यांचा मुलूख होता. त्यावर रोमनांची छाया होती, पण घराघरांत हजरत मूसा (अ.) यांची शरीअत पाळली जात होती.

या घरात मुलगा जन्मला की आठव्या दिवशी खतना होत असे. ही हजरत इब्राहीम (अ.) यांची सुन्नत, जी आपल्याही घरांत चालते. दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री, देव एकच आहे याची साक्ष देणारी तौरातची वचने म्हटली जात. डुक्कर वर्ज्य, रक्त वर्ज्य. जनावर ठरलेल्या पद्धतीनेच कापायचे. माशांमध्ये ज्याला पर आणि खवले आहेत तोच खायचा. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू होई आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत चूलही पेटवायची नसे. दिवस सूर्यास्तापासून मोजण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. आपणही जुमेरातच्या मगरिबनंतर जुम्याची रात्र सुरू झाली असे म्हणतो.

पाकीचा विचार या घरांत किती खोल होता, हे जमिनीतूनही दिसते. योहानच्या इंजीलमध्ये काना गावातल्या लग्नाची गोष्ट आहे. तिथे यहुदी रीतीप्रमाणे शुद्धीसाठी दगडाचे सहा रांजण ठेवलेले होते असा तपशील येतो. दगडाचेच का? यहुदी शरीअतीनुसार मातीचे भांडे नापाक झाले तर फोडावे लागते, दगडाचे भांडे नापाक होत नाही. २०१७ साली नाझरेथजवळच्या रैना गावात उत्खनन झाले, तेव्हा चुनखडीतून असे पेले आणि वाडगे कोरण्याची सुमारे २००० वर्षांपूर्वीची जागा सापडली. म्हणजे वझूच्या पाण्याचे भांडे वेगळे ठेवणारी आपली आजी आणि कानाच्या विहिरीवरून पाणी आणून दगडी रांजणात भरणारी ती बाई, दोघींच्या मनातला विचार एकच होता.

भाषेचेही तसेच. घरात आणि बाजारात अरामी बोलली जाई, तौरातचे पठण मात्र हिब्रूत होई. आपल्या घरांत मराठी, कोकणी किंवा दखनी बोलली जाते आणि नमाज अरबीत होते. बोलण्याची भाषा एक आणि इबादतची दुसरी असेल तर मूल दोन्ही कशी आत्मसात करते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. गालीलच्या सरोवराकाठी मगदला येथे २००९ साली पहिल्या शतकातील एक सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळ, सापडले. तिथे लोक भिंतीलगतच्या दगडी बाकांवर बसून तौरात ऐकत. हजरत ईसा आणि त्यांचे हवारी अशाच सभांमध्ये वाढले.

अंजिराच्या झाडाखाली

नथनेल यांच्याविषयी इंजीलमध्ये जो प्रसंग आहे तो छोटा आहे, पण माणूस डोळ्यांसमोर उभा करतो. फिलिप त्यांना सांगतो की मूसांच्या तौरातमध्ये आणि नबींच्या ग्रंथांत ज्याच्याविषयी लिहिले आहे तो आम्हाला भेटला, तो नाझरेथचा आहे. नथनेल लगेच मान डोलावत नाहीत. नाझरेथसारख्या खेड्यातून काही चांगले निघेल का, असा त्यांचा उलटा प्रश्न असतो.

हा गावागावांतला टोमणा असेल, पण त्यामागे अभ्यासही असू शकतो. यहुदी ग्रंथांच्या जाणकारांची अपेक्षा अशी होती की येणारा मसीहा हजरत दाऊदांच्या बैतलहम गावाशी जोडलेला असेल. नाझरेथचे नाव त्या जुन्या ग्रंथांत कुठेच नाही. ज्याने ग्रंथ वाचला आहे तो ऐकीव बातमी ग्रंथावर घासून पाहणारच.

पुढे हजरत ईसा त्यांना पाहून म्हणतात की हा खरा इस्राएली आहे, याच्यात कपट नाही. आणि फिलिपने बोलावण्याआधीच मी तुला अंजिराच्या झाडाखाली पाहिले, असेही सांगतात. अंजीर का? यहुदी ग्रंथांत आपापल्या द्राक्षवेलीखाली आणि अंजिराखाली बसलेली माणसे हे सुखशांतीचे चित्र आहे. शिवाय यहुदी आलिमांच्या गोष्टींत अंजिराच्या सावलीत बसून तौरात शिकणारे लोक भेटतात. म्हणून पुष्कळ भाष्यकारांच्या मते नथनेल त्या झाडाखाली नुसते विसावले नव्हते, ते तौरातचे चिंतन करत होते. कुरआनातही अंजिराच्या नावाची एक सूरह आहे आणि तिच्या सुरुवातीला अल्लाहने अंजिराची शपथ घेतली आहे, हे इथे सहज आठवते.

या प्रसंगाच्या शेवटी नथनेल हजरत ईसांना जी संबोधने वापरतात त्यांत 'इस्राएलचा राजा' हे आहे आणि 'देवाचा पुत्र' हेही आहे. आपला अकीदा याबाबतीत स्पष्ट आहे. अल्लाहने कोणाला जन्म दिला नाही, तो कोणाचा जन्मलेला नाही, हे सूरह इख्लास आपल्याला रोज शिकवते. पण यहुदी पार्श्वभूमी माहीत असली की एक गोष्ट कळते. यहुदी ग्रंथांत दाऊदांच्या वंशातल्या राजाला मानाने असे संबोधल्याची उदाहरणे आहेत. तिथे तो जन्माचा दावा नसून राजपदाचा मान आहे. म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात की एका गालीली यहुद्याच्या तोंडी हे शब्द राजासाठी होते. ख्रिस्ती बांधव त्यांचा अर्थ याहून पुढे नेतात आणि तिथे आपले व त्यांचे मार्ग वेगळे होतात. मतभेद आहे तो आहे. पण तो नेमका कुठून सुरू होतो हे माहीत असले तर शेजाऱ्याशी बोलताना आवाज चढत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. हजरत ईसांना अल्लाहने आपल्याकडे उचलून घेतले असे आपण मानतो. त्यानंतरही हवारींनी आपली जुनी इबादत सोडली नाही, असे ख्रिस्ती ग्रंथच सांगतात. ते जेरुसलेममध्ये, बैतुल मुकद्दसच्या आवारात, दुपारनंतरच्या प्रार्थनेच्या वेळी जात असत. हवारी पेत्र यांनी तर आपण कधीच नापाक अन्न खाल्ले नसल्याचे सांगितले आहे. हे लोक स्वतःला नव्या धर्माचे संस्थापक समजत नव्हते. ते बनी इस्राईलचे ईमानदार लोक होते आणि आपल्या नबीच्या मागे उभे राहिले होते. सूरह सफ्फमध्येही हेच आहे : बनी इस्राईलमधल्या एका गटाने ईमान आणले.

हिब्रू अक्षरांतली इंजील

आता त्या जलमार्गाकडे वळू. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात पँटीनस नावाचा एक ख्रिस्ती विद्वान होता. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला युसिबिअस या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की पँटीनस हिंदुस्थानात गेला. तिथे त्याला काही लोकांजवळ मत्तयची इंजील मिळाली. ती हिब्रू अक्षरांत होती आणि हवारी बार्थोलोम्यू यांनी ती तिथे ठेवली होती, असे सांगितले जात होते.

हा 'हिंदुस्थान' कोणता? काही ख्रिस्ती इतिहासकारांनी तो कल्याणच्या परिसरात शोधला. इजिप्तहून येणारी जहाजे पहिल्या शतकापासून या किनाऱ्याला लागत होती, हे त्यांचे कारण. पुढे सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने 'कल्लियाना' नावाच्या भारतीय बंदरात इराणहून नेमलेला ख्रिस्ती बिशप असल्याचे लिहिले आणि अनेकांनी ते कल्याणच मानले. चौदाव्या शतकात जॉर्डानुस या युरोपीय धर्मोपदेशकाने सोपाऱ्यातल्या ख्रिस्ती लोकांविषयी लिहिले आहे. पोर्तुगीजांना वसई मिळाली ती १५३४ मध्ये. म्हणजे या भागातला ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांच्या गलबतांतूनच पहिल्यांदा उतरला, ही आपल्याकडची समजूत अपुरी आहे.

दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. त्या काळचे ग्रीक आणि रोमन लेखक 'इंडिया' हा शब्द फार सैल वापरत. येमेन, हबशा म्हणजे इथिओपिया, अरबस्तानचा दक्षिण किनारा, या सगळ्यांना ते कधीकधी इंडिया म्हणत. म्हणून काही अभ्यासकांच्या मते पँटीनस येमेनपर्यंतच आला असावा. तिकडे आर्मेनियाचे चर्च बार्थोलोम्यू यांना आपल्या संस्थापकांपैकी एक मानते.

मात्र 'हिब्रू अक्षरे' या दोन शब्दांत मोठा अर्थ आहे. ग्रीक वाचणाऱ्यांसाठी कोणी हिब्रू लिपीत पुस्तक ठेवत नाही. ते पुस्तक ज्या वस्तीत होते तिथे यहुदी लोक असले पाहिजेत. म्हणजे इब्न तलमा आपल्या किनाऱ्याला आले असोत की येमेनला थांबले असोत, परंपरेच्या आठवणीत ते आपल्याच लोकांकडे, बनी इस्राईलकडे गेले होते. हातात त्यांच्याच लिपीतली इंजील होती.

सीरतमधली नोंद

आता आपल्याकडचा दाखला पाहू. दुसऱ्या हिजरी शतकातील इब्न इसहाक यांची सीरत आपल्याला इब्न हिशाम यांच्या संपादनातून मिळाली आहे. त्यात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वेगवेगळ्या राजांकडे दूत पाठवल्याचे प्रकरण आहे. हजरत ईसांच्या हवारींनी जसे मतभेद केले तसे तुम्ही माझ्याबाबतीत करू नका, असे आपल्या साथीदारांना प्रेषितांनी बजावल्याचा उल्लेख तिथे येतो. पुढे इब्न इसहाक हवारी आणि त्यांचे अनुयायी कुठे कुठे पाठवले गेले याची यादी देतात. त्यात पेत्र रोमकडे आहेत, थोमा पूर्वेकडे बाबिलच्या भूमीत आहेत, आणि इब्न तलमा अरबांच्या मुलखात, हिजाजच्या भूमीत आहेत.

युसिबिअसचा 'इंडिया' आणि इब्न इसहाक यांचा हिजाज शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकाच समुद्राच्या दोन काठांवर एकाच माणसाची आठवण जपली गेली आहे. दोन्ही नोंदी एकमेकींना न विचारता केलेल्या असोत की एका जुन्या कथेच्या दोन शाखा असोत, मुस्लिम आलिमांनी या हवारींचे नाव आदराने लिहून ठेवले, एवढे निश्चित.

शनिवार तेली आणि जुनी मशीद

पँटीनसच्या काळी आपल्या किनाऱ्यावर यहुदी होते का? कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की होते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी ही कथा. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ती सविस्तर लिहिली आहे. या कथेच्या काळाबद्दल एकमत नाही. पण बाराव्या शतकातील थोर यहुदी आलिम मूसा इब्न मैमून यांनी एका पत्रात हिंदुस्थानातल्या यहुद्यांचा उल्लेख केला आहे. त्या लोकांना शब्बाथ आणि खतना यांपलीकडे शरीअत माहीत नाही, असे त्यांनी लिहिले. ग्रंथ नाही, आलिम नाही, तरी या दोन गोष्टी त्यांनी सोडल्या नव्हत्या.

कोकणात हे लोक तेलघाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' नाव दिले. दिवेकर, केहिमकर, राजपूरकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडली, जशी कोकणी मुसलमानांमध्येही पडली आहेत. घरात बोली मराठी. त्यांच्यात धार्मिक निवाडा करणाऱ्याला 'काजी' म्हणत. हजरत इल्यास (अ.), त्यांच्या भाषेत एलियाहू हन्नाबी, यांच्या नावाने ते आजही पोहे, खोबरे, साखर आणि फळे घालून 'मलिदा' करतात. दूध आणि मांस एकत्र शिजवायचे नाही, म्हणून त्यांच्या मटणाच्या रश्श्याला नारळाचे दूध. शाफई कोकणी घरात कोळंबीची आमटी आवडीने होते, बेने इस्राएल घरात मात्र कोळंबी आणि खेकडा दोन्ही वर्ज्य, कारण त्यांना पर आणि खवले नाहीत. कानाच्या घरातला तोच नियम कोकणातल्या चुलीपर्यंत आला.

या समाजाचे मुंबईतले पहिले प्रार्थनास्थळ १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मांडवी भागात बांधले. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत. दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत कैद झाले होते. समाजात अशी आठवण सांगितली जाते की तुम्ही कोण, असे विचारल्यावर त्यांनी 'बेने इस्राएल' असे उत्तर दिले. तेव्हा टिपूच्या आईने हे तर कुरआनात उल्लेख असलेले लोक, असे म्हणत त्यांच्यासाठी रदबदली केली. सुटका झाल्याच्या कृतज्ञतेतून त्यांनी ते प्रार्थनास्थळ उभारले. आपल्याला जवळचे उदाहरण हवे असेल तर ठाणे शहरात १८७९ साली बांधलेले शार हशामाईम हे त्यांचे सिनेगॉग आजही आहे.

या समाजातले बहुसंख्य लोक १९४८ नंतर इस्राएलला गेले. कोकणातल्या कित्येक गावांत आता त्यांची घरे नाहीत, फक्त कबरी आहेत. पण त्यांच्यामुळे एक गोष्ट आपल्याला पुस्तकाबाहेर पाहायला मिळाली. हजरत ईसांच्या हवारींच्या घरात जसे जगले जात होते, साधारण तसेच जगणारे लोक शेकडो वर्षे आपल्या शेजारी मराठी बोलत राहत होते. आणि त्यांच्या-आपल्यात दंगल झाल्याची कथा आपल्या आजी-आजोबांनी कधी सांगितली नाही.

शब्दाची जबाबदारी

फलस्तीनमध्ये जे चालले आहे त्याने मन पेटते आणि ते पेटलेच पाहिजे. जुलमाला जुलूम म्हणणे हा ईमानचा भाग आहे. एखाद्या सरकारचा, एखाद्या फौजेचा, एखाद्या धोरणाचा निषेध करावा, उघडपणे करावा. पण तो राग एका संपूर्ण समूहाच्या नावावर उतरवला की आपणच कुरआनाच्या मर्यादेबाहेर जातो. एखाद्या समूहाबद्दलची शत्रुता तुम्हाला अन्यायाकडे नेऊ नये, अशी ताकीद सूरह माइदामध्ये आहे. अहले किताब सगळे सारखे नाहीत, हे सूरह आले इमरानमध्ये सांगितले आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरातलाच एक प्रसंग तिर्मिजीच्या हदीससंग्रहात आहे. उम्मुल मोमिनीन हजरत सफिया (रजि.) या यहुदी घराण्यातल्या, हजरत हारून (अ.) यांच्या वंशातल्या. कोणीतरी त्यांना यहुद्याची मुलगी म्हणून टोचले आणि त्यांना रडू आले. प्रेषितांनी त्यांची समजूत काढली. तू एका नबीची मुलगी आहेस, तुझा काका नबी होता आणि तुझा पतीही नबी आहे, मग तुझ्यासमोर कोणी कशाचा गर्व करावा, असा त्या सांत्वनाचा आशय होता. ज्या मूळ ओळखीवरून टोचले गेले तीच ओळख प्रेषितांनी मानाची करून दाखवली.

म्हणून मुलगा क्रिकेट खेळताना दुसऱ्याला 'यहुदी कुठचा' म्हणाला तर नुसते 'असे बोलू नये' म्हणून थांबू नये. त्याला सांगावे : हजरत मूसा, हजरत हारून, हजरत दाऊद, हजरत सुलैमान, हजरत इल्यास, हजरत जकरिया, हजरत यहया आणि स्वतः हजरत ईसा बनी इस्राईलचे. बीबी मरियम बनी इस्राईलच्या. सगळे हवारीही बनी इस्राईलचे. यांच्यावर ईमान ठेवायचे आणि त्यांच्या लोकांचे नाव शिवी म्हणून वापरायचे, हे एका तोंडाला शोभत नाही.

शेजारच्या ख्रिस्ती घराशी बोलायलाही ही माहिती उपयोगी पडते. २४ ऑगस्टला कॅथलिक बांधव संत बार्थोलोम्यू यांचा दिवस पाळतात. त्या दिवशी पाटीवरच्या जेकबना इब्न तलमांविषयी विचारावे. आपल्याकडे इब्न इसहाकांनी काय लिहिले आहे ते त्यांना सांगावे, त्यांच्याकडचे ऐकावे. वसईच्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सोप्या मराठीत आणले. पुढे २०२० च्या उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मराठी ही आपली सर्वांची सामाईक ओसरी आहे. तिथे बसून या गोष्टी बोलता येतात आणि आपला अकीदा जागच्या जागी राहतो.

इब्न तलमा सोपाऱ्याच्या बंदरात उतरले होते की नाही, यावर अभ्यासक वाद घालतच राहतील. पण ते कसे होते याविषयी इंजीलमध्ये राहिलेला शब्द मोलाचा आहे : ज्याच्यात कपट नाही असा माणूस. शंका आली तर विचारणारा, ग्रंथ उघडून पाहणारा, आणि पटल्यावर मागे न हटणारा. असा माणूस हजरत मूसांच्या शरीअतीत वाढला आणि हजरत ईसांचा मदतनीस झाला.

अल्लाह आपल्या जिभेला न्याय देवो, आपल्या मुलांना सर्व नबींचा आणि त्यांच्या सच्च्या साथीदारांचा आदर देवो, आणि आपल्याला शेजाऱ्यांचे हक्क ओळखणारे बनवो. आमीन.